वाचक विचारतात : शाळा, पाऊस आणि पोरांचे साथीचे आजार

शाळा सुरू होऊन महिनाभर झाला की या सदराची पत्रं एकदम बदलतात. मे महिन्यात उन्हाळी लागणं, आंबे खाऊन पोट बिघडणं असलं सगळं असतं, आणि आता बघावं तर डोळे, ताप, कावीळ, खरूज, आणि सगळं शाळेतलं. म्हणून यावेळी दुसरे प्रश्न बाजूला ठेवून जिल्हा परिषद शाळांच्या पालकांची, शिक्षकांची पत्रं एकत्र घेतलीत. वाचताना एक गोष्ट मला फार खटकली ती आधीच सांगतो. जवळजवळ प्रत्येक पत्रात कुठेतरी "कोणाला सांगितलं नाही" हे वाक्य आहे. कोणी हजेरीसाठी लपवतंय, कोणी मजुरीसाठी, कोणी लाजेनं. साथ पसरते ती याच लपवालपवीत, म्हणून उत्तरं देताना मी औषधाइतकंच त्याबद्दलही बोलणार आहे. पत्रं थोडी लहान केलीत, नावं गाळलीत, फक्त तालुका ठेवलाय.

प्रश्न : आमची शाळा चौथीपर्यंत, पट वीस-बावीस. एकाला डोळे आले की आठ दिवसात सगळ्यांना. माझ्या मुलाला ताप असला तरी कधीकधी मी गोळी देऊन पाठवते, शाळेत सांगत नाही. मी काजूच्या कारखान्यात जाते, खाडा झाला की त्या दिवसाचा पगार गेला, घरात म्हातारं माणूस नाही, मग पोराजवळ कोण बसणार? वर शाळेत पूर्ण हजेरीचं बक्षीस असतं, ते पण त्याला हवं असतं. नेमकं कधी घरी ठेवायचं आणि कधी पाठवलं तर चालतं? — एक आई, दापोली तालुका

ताई, तुमच्यासारख्या अनेक जणी असं करतात आणि मी तुम्हाला दोष देणार नाही, पण गोळीचं आधी समजून घ्या. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, जंतू जात नाहीत. सकाळी आठला दिलेली गोळी दुपारपर्यंत उतरते आणि तोवर पोरगा चार तास बाकाला बाक लावून बसलेला असतो, म्हणजे त्याचेही हाल आणि शेजारच्यालाही प्रसाद. म्हणून ताप असेल तर एकच हिशोब धरा, गोळी न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही तरच शाळा.

उलटी-जुलाब असतील तर शेवटची उलटी किंवा शेवटचा पातळ संडास झाल्यापासून ४८ तास घरी. पोरगं सकाळी बरं दिसतं, खेळायला लागतं, पण संडासातून जंतू जातच असतात, आणि गावच्या शाळेत एकच मुतारी, एकच नळ, मग काय होणार ते तुम्हाला माहीतच आहे. डोळे आले असतील तर डोळ्यातलं पाणी आणि चिकटा थांबेपर्यंत, साधारण आठवडा धरून चाला. डोळ्यात बघून डोळे येत नाहीत, काळा चष्मा लावून साथ थांबत नाही, हा आजार हातातून, रुमालातून, टॉवेलातून, उशीतून जातो. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची केवढी साथ आली होती आठवतंय ना, तशा साथी बहुतेक वेळा व्हायरसच्या असतात आणि त्यावर अँटिबायोटिक ड्रॉप्सचा उपयोग नसतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे ड्रॉप्स तर अजिबात आणू नका, डोळा कायमचा अधू होऊ शकतो. स्वच्छ पाण्याने पुसायचं, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस, आणि दुखतंय, उजेड सहन होत नाही किंवा अंधुक दिसतंय असं पोर म्हणालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

गालफुगी असेल तर सूज दिसल्यापासून ५ दिवस घरी. गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून ४ दिवस. कांजिण्यांचं पुढे आलंय. आणि नुसतं नाक गळतंय, पोर खातंय पितंय, उड्या मारतंय, ताप नाही, तर पाठवा खुशाल, नाहीतर आपल्या कोकणच्या पावसात जून ते सप्टेंबर शाळाच नको म्हणावं लागेल. उवांसाठीसुद्धा घरी ठेवायची गरज नाही, घरी फणी फिरवा, औषध लावा, शाळा चालू ठेवा.

आता हजेरीचं. शिक्षणहक्क कायद्याच्या १६व्या कलमाप्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळा कुठल्याच मुलाला काढून टाकू शकत नाही, त्यामुळे आठ दिवस आजारपणात गेले म्हणून नाव कमी होईल ही भीती मनातून काढा. पूर्ण हजेरीच्या बक्षिसाला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. ज्या बक्षिसासाठी तापलेलं पोर आईला "मला बरं वाटतंय" असं खोटं सांगतं ते बक्षीस शाळेने बंद करावं. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका आणि पाऊण पालक असायलाच हवेत असं कायदा सांगतो, मग पुढच्या मीटिंगला तुम्हीच विषय काढा की हे बक्षीस वाचनाला द्या, झाडं जगवायला द्या, हजेरीला नको.

राहिला पोराजवळ कोण बसणार हा प्रश्न, आणि खरा अवघड तोच आहे. पाठ्यपुस्तकात लिहितात "मुलास घरी ठेवावे", पण खाडा कोण सोसणार ते कोणी लिहीत नाही. काही वाड्यांमध्ये बायकांनी आपसात पाळ्या लावलेल्या मी बघितल्यात, आज तुझं पोर माझ्याकडे, उद्या माझं तुझ्याकडे, बचत गटातच ते ठरतं. हे जमतंय का बघा, फक्त ज्या घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई आहे त्या घरी आजारी पोर ठेवू नका. आणि कारखान्याच्या मुकादमाकडे एकटीने जाऊ नका, चौघी मिळून जा आणि सांगा की पोर आजारी असेल त्या दिवशी अर्धा दिवस तरी द्या. एकीच्या पोराला झालं की पाचजणींचे खाडे होतात, हा हिशोब मालकालाही कळतो.

प्रश्न : आमच्या द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत तीन वर्ग बसतात. पावसात झड आत येते म्हणून खिडक्या बंद कराव्या लागतात, मग सर्दी-खोकला पूर्ण वर्गात फिरतो. गणपतीच्या सुट्टीनंतर तर निम्मा वर्ग खोकत असतो. काय करता येईल? — शिक्षिका, देवगड तालुका

बाई, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. गणपतीला मुंबई-पुण्याहून चाकरमानी येतात, एसटी आणि गाड्या खचाखच भरून, घराघरात पंधरा-वीस माणसं, रात्रभर भजनं आणि आरत्या, आणि त्यातून आलेला ताप सुट्टी संपली की दप्तरातून शाळेत येतो. तो आनंद कोणी सोडू नये, पण शाळा उघडल्यावरचे पहिले दहा दिवस तुम्ही जास्त लक्ष ठेवू शकता.

खिडक्यांचं म्हणाल तर सगळ्या बंद करू नका. आपल्याकडे पाऊस आणि वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, म्हणजे झड त्याच बाजूने. पूर्वेच्या खिडक्या पाऊस असतानाही बहुतेक वेळ उघड्या राहू शकतात, आणि समोरचं दार किंवा वरचा झरोका थोडा उघडा असला की हवा फिरते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून झावळीचं झाप किंवा पत्र्याची उतरती पडवी केली तर तीही अर्धी उघडी ठेवता येते, जुन्या घरांना पूर्वीपासून करतातच की. जुन्या कौलारू शाळेत कौलांच्या फटीतून हवा जाते, नवीन स्लॅबच्या खोलीत ती सोय नसते त्यामुळे तिथे जास्त जपा. मधल्या सुट्टीत पाच-दहा मिनिटं सगळी पोरं पडवीत आणि सगळी दारं-खिडक्या सताड उघडी, एवढं रोज केलंत तरी फरक पडतो. गोवराचा व्हायरस तर माणूस खोलीतून गेल्यावरसुद्धा दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो.

खोकणाऱ्या पोराला मास्क लावायला हरकत नाही, नसेल तर कोपरात खोकायला शिकवा, पण त्याला वर्गासमोर उभं करून ओरडू नका. एकदा ओरडलात की उद्यापासून पोर खोकला दाबून बसेल.

आणखी एक छोटं काम करा, ही युक्ती मला एका शिक्षिकेनेच सांगितली होती. हजेरीच्या वहीत गैरहजर म्हणून नुसतं "गै" न लिहिता शेजारी कारण लिहायचं, ताप, जुलाब, डोळे, पुरळ. एका आठवड्यात तीन पोरांसमोर एकच कारण दिसलं की उपकेंद्राच्या नर्सबाईंना किंवा आशाताईंना फोन. साथ सगळ्यात आधी शाळेच्या वहीत दिसते, दवाखान्यात ती नंतर पोचते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, वजन घटतंय, संध्याकाळचा बारीक ताप असं कुठलं पोर असेल तर टीबीची तपासणी करायला पाठवा, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, आणि घरातल्या मोठ्या माणसांचीही करायला सांगा कारण लहान पोराला टीबी बहुतेक वेळा घरातल्या मोठ्याकडूनच येतो, पोराकडून वर्गाला होण्याची भीती कमी असते. हेही तुम्हाला मोठ्या माणसांशी खाजगीत बोलावं लागेल, पालकसभेत नको.

प्रश्न : आंब्याच्या बागांमध्ये राखणीला नेपाळी कुटुंबं येतात, त्यांची मुलं यंदा आमच्या शाळेत बसली होती. एकाला गोवर निघाला. आता पालक म्हणतात पुढच्या हंगामात त्यांना शाळेत घ्यायचं नाही. अध्यक्ष म्हणून मी काय भूमिका घ्यावी? — शाळा व्यवस्थापन समिती, रत्नागिरी तालुका

अध्यक्ष, त्यांना शाळेत घ्यायचंच. कायदा तेच सांगतो आणि वैद्यकशास्त्रही. ते पोर शाळेत नसलं तरी त्याच वाडीच्या दुकानात, त्याच विहिरीवर, त्याच रस्त्यावर असणार, फक्त मग त्याला लस मिळाली की नाही हे बघणारं कोणी नसणार.

गोवर हा माणसाला होणाऱ्या सगळ्यात जास्त पसरणाऱ्या आजारांपैकी आहे, लस न घेतलेल्यांच्या घोळक्यात एक रोगी बारा ते अठरा जणांना देऊ शकतो, आणि पुरळ उठायच्या ४ दिवस आधीपासून तो पसरतो, म्हणजे अंगावर काही दिसायच्या आतच. म्हणून पुरळवाल्याला हाकलून काही हाती लागत नाही. थांबवते ती लस, आणि तीही गावातल्या शंभरातल्या ९५ पोरांना दोन्ही डोस मिळाले असतील तरच. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेला म्हणजे एमआर लस ९ ते १२ महिन्यात पहिली आणि १६ ते २४ महिन्यात दुसरी असते, राहिली असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येते. नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात १५ वर्षांपर्यंतच्या पोरांना शाळाशाळांतून ही लस दिली होती, तेव्हाची पोरं आता मोठी झाली, त्यानंतर जन्मलेल्यांची कार्डं बघायला हवीत. आणि २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली तिथे पोरं दगावली, तेव्हा हा "अंगावर उठतो आणि जातो" असला आजार नाही.

तर पुढच्या हंगामात असं करा. दिवाळीच्या सुमारास कुटुंबं आली की बागायतदारांकडून यादी घ्या, त्यांच्या घरी लहान पोरं किती ते त्यांना माहीत असतं, आणि नर्सबाईंना सांगून बागेतच लसीकरणाचा दिवस लावा. कार्ड हरवलं असेल तर डोस झाला नाही असं धरून देतात, जास्तीच्या डोसाने अपाय होत नाही. रोग्याशी संबंध आलेल्या, लस न झालेल्या पोराला ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो, म्हणून संशय आला की त्याच दिवशी कळवा. गोवर झालेल्या पोराला दवाखान्यात अ जीवनसत्त्वाचे दोन डोस देतात, ते चुकवू नका, डोळे आणि जीव दोन्हीसाठी महत्त्वाचे आहेत.

आणि सभेत गावातल्या पोरांचीही कार्डं मागवा. "बाहेरच्यांनी आणलं" म्हणणाऱ्यांच्या घरातलं कार्ड अर्धवट निघतं हे मी बऱ्याचदा बघितलंय.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या सहा-सात मुलांना कावीळ झाली. ग्रामपंचायत म्हणते आम्ही विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकतो, मग कावीळ कशी? — एक पालक, राजापूर तालुका

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा लांब लिहितो.

शाळकरी पोरांत एकदम पसरणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए असते, ती संडासातून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात जाते. जंतू पोटात गेल्यापासून कावीळ दिसायला १५ ते ५० दिवस, सरासरी चार आठवडे लागतात. म्हणजे आज डोळे पिवळे झालेत तर पाणी बिघडलं होतं महिन्यापूर्वी, आणि आज घेतलेला पाण्याचा नमुना चांगला आला तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय अगदी लहान पोरांना कावीळ न दिसताच हा आजार होऊन जातो आणि ती पसरवत राहतात. ज्यांचे डोळे पिवळे दिसतात ती पोरंही कावीळ दिसायच्या आधीच्या एक-दोन आठवड्यात सगळ्यात जास्त पसरवतात.

आपला जांभा दगड सच्छिद्र. शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून झिरपत जातं, आणि पावसाळ्यात विहिरीची पातळी वर आली की संडासाचा खड्डा आणि विहीर यातलं अंतर आणखीच कमी होतं. नळयोजना असेल तर पाइप बऱ्याच ठिकाणी गटाराच्या कडेने गेलेला असतो, पाणी दिवसातून तासभर येतं, बाकीचा वेळ पाइप रिकामा, आणि रिकाम्या पाइपात जोडातून गटाराचं पाणी ओढलं जातं. म्हणून विहिरीत टीसीएल नीट पडूनही शाळेच्या नळाला घाण पाणी येऊ शकतं.

आता टीसीएल. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो पण गोणी उघडी राहिली, दमट हवेत पडून राहिली की तो उडून जातो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात दमट नाही असा कोपरा कुठला? नुसता चुना उरतो आणि तोच विहिरीत पडत राहतो. चांगल्या पावडरीचं प्रमाण १००० लिटरला अडीच ग्रॅम. विहीर ३ मीटर रुंद आणि पाणी ४ मीटर खोल असेल तर पाणी भरतं सुमारे २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम पावडर लागते. पावसात पाणी गढूळ असेल तर जास्तही लागू शकते. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत पाण्याखाली सोडून हलवायची आणि तासभर कोणी पाणी भरायचं नाही. काठावरून मूठभर पावडर भिरकावून हे होत नाही.

ग्रामपंचायतीला भांडायला जायच्या आधी एक करा, जलसुरक्षकाला (गावचं पाणी तपासणाऱ्या माणसाला) सोबत घेऊन शाळेच्या नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची तपासणी, करून घ्या. त्या टेस्टचे थेंब टाकले की पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर नाही. नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी पाहिजे, कावीळ चालू असताना ०.५. विहिरीवर टेस्ट करून वहीत लिहितात आणि शाळेच्या नळावर कोणी करत नाही, घोटाळा तिथे असतो. शाळेची टाकी शेवटची कधी धुतली तेही विचारा. तोपर्यंत शाळेत खळखळून उकळलेलं पाणी द्या, आणि पिंपात हात घालून पेला बुडवणं बंद, नळाचं पिंप किंवा लांब दांड्याचं ओगराळं.

पोराला कावीळ दिसल्यापासून आठवडाभर घरी ठेवा. झाडपाल्याचं औषध, उतारा यात वेळ घालवू नका, ही कावीळ बहुतेक पोरांची विश्रांतीने आपोआप बरी होते म्हणून त्या औषधांचं नाव होतं, पण पोर गुंगीत जायला लागलं, बडबडायला लागलं, उलट्या थांबेनात, कुठून रक्त आलं तर एक मिनिट न थांबता जिल्हा रुग्णालय गाठा. आणि कावीळ झालेल्याचं नाव ग्रामसभेत पुकारू नका, आकडा पुरे आहे.

प्रश्न : नातीक कांजिण्या आल्यात. आमच्याकडे म्हणतत देवी इली की औषध देवचा नाय, आंघोळ घालूची नाय. सून म्हणता डॉक्टरकडे न्हेऊया. खरा काय? — एक आजी, कुडाळ तालुका

आजी, देवीला नारळ ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, आणि नातीला सूनबाईंबरोबर डॉक्टरकडेही पाठवा, दोन्हीत काही भांडण नाही. पूर्वी ज्याला देवी म्हणायचे तो आजार वेगळा होता, भयंकर होता, तो लस देऊन देऊन संपवला आणि १९८० साली जगातून गेला असं जाहीर झालं. कांजिण्या त्यातल्या नाहीत. आंघोळ घाला, कोमट पाण्याने, हळूच, फोड फोडू नका, नखं कापा. कडुनिंबाचा पाला टाकलात तरी चालेल. तापाला फक्त पॅरासिटामॉल, अॅस्पिरिन मुळीच नको, कांजिण्यात ते पोरांच्या मेंदूला आणि यकृताला धोकादायक ठरू शकतं. आयब्युप्रोफेनही टाळा.

सगळे फोड सुकून खपल्या धरेपर्यंत शाळा नाही, साधारण पाच ते सात दिवस. वाडीत कोणी पोटुशी असेल, तान्हं बाळ असेल, किंवा मोठं माणूस असेल ज्याला कधी कांजिण्या आल्याच नाहीत, त्यांच्यापासून लांब ठेवा, मोठ्यांना हा आजार जास्त त्रास देतो. श्वास लागला, पोर झोपेतून उठेना, फोडाभोवती लाल सूज आली तर लगेच दवाखाना. आणि आजी, शाळेत निरोप पाठवा की कांजिण्या आहेत. देवीचं नाव घेऊन "पाहुण्यांकडे गेलीय" असं सांगतात, मग बाईंना कळत नाही की बाकीच्या पोरांकडे पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवायला हवं.

प्रश्न : माझ्या मुलीला खरूज झाली. शाळेतल्या बाकीच्या आयांनी तिला वेगळं बसवायला लावलं, डब्याला पण लांब. ती आता शाळेत जायला नाही म्हणते. आम्ही मासळीवर आहोत म्हणून आम्हाला अस्वच्छ म्हणतात. — एक आई, हर्णै बंदर, दापोली तालुका

ताई, वाचून खूप वाईट वाटलं. खरूज अस्वच्छतेने होत नाही, ती एका बारीक किड्याने होते, तो कातडीला कातडी लागून जातो, रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही होतो. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. मासळीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

उपाय सोपा पण सगळ्यांनी एकाच रात्री करायचा. परमेथ्रिन ५ टक्क्यांचं मलम मानेपासून पायाच्या बोटापर्यंत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, बेंबीत, नखांखाली, रात्री लावून सकाळी धुवायचं, घरात खाज असो नसो प्रत्येकाने. अगदी तान्ह्या बाळाचं आणि गरोदर बाईचं डॉक्टरांना विचारून. सात ते दहा दिवसांनी परत एकदा. शाळा औषध लावल्यानंतर दुसऱ्या दिवशीपासून चालू, आणखी थांबायची गरज नाही. खाज मात्र नंतरही दोन-चार आठवडे राहू शकते, ती परत झाली असं समजून घाबरू नका. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवून उन्हात टाका असं सगळे सांगतात, पण जुलैमध्ये ऊन आणायचं कुठून? मग जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा, माणसाच्या अंगाशिवाय हा किडा दोन-तीन दिवसात मरतो. खाजवून पू झाला असेल तर दुर्लक्ष नको, त्या पुवाच्या जंतूंनी कधीकधी किडनीला सूज येते. चेहरा सुजला, लघवी चहासारखी झाली की डॉक्टर.

शिक्षकांना माझं हे उत्तर दाखवा. एकीला खरूज असेल तर तिच्या वर्गात अजून कोणाला तरी असू शकते, पहिल्यांदा झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर कोणाला पत्ताच नसतो. ज्या आयांनी तिला वेगळं बसवलं त्यांच्या पोरांना लागण झाली असेल तर त्या आता कोणाला सांगतील का? डब्याला तिला सगळ्यांबरोबर बसवायला हवं, आणि ते बाईंनी स्वतः तिच्या शेजारी बसून करायला हवं.

प्रश्न : मी शाळेत पोषण आहार शिजवते. मला जुलाब झाले तर काय करू? रजा घेतली तर मानधन कापतील असं वाटतं. — स्वयंपाकी ताई, लांजा तालुका

ताई, जुलाब किंवा उलट्या थांबल्यापासून ४८ तास स्वयंपाकाला हात लावू नका, बोटाला पिकलेली जखम असेल तरीही. तुमच्या एका हातून शंभर पानं वाढली जातात. पण बदली माणसाची सोय करणं हे समितीचं काम आहे, तुमचं नाही, आणि आजारपणाचे दोन दिवस कापू नयेत असा ठराव समितीने करावा असं मी इथे मुद्दाम छापतोय. भात किंवा खिचडी शिजल्यावर दोन तासांच्या आत वाढा, सकाळी करून दुपारपर्यंत कोमट ठेवलेल्या भातात जंतू वाढतात आणि त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही.

प्रश्न : लेप्टो एका मुलाकडून दुसऱ्याला होतो का? डेंग्यूचं शाळेत काय करायचं? — मुख्याध्यापक, सावंतवाडी तालुका

सर, लेप्टो माणसाकडून माणसाला सहसा होत नाही, तो उंदरांच्या, गुरांच्या मुताने खराब झालेल्या पाण्या-चिखलातून पायाच्या जखमेवाटे शिरतो. पाय कापलेला असेल तर झाकून चप्पल घालून यायला सांगा. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, घरचे लावणीला जातात, असं असेल तर वाट बघू नका. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या मोठ्यांना देतात म्हणून पोरांना स्वतःहून देऊ नका. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे नेमका शाळेच्या वेळेत. आठवड्यातून एक दिवस शाळेच्या आवारातलं साठलेलं पाणी ओतायचं, करवंट्या, टायर, कुंड्या, पोफळीच्या पडलेल्या विऱ्या, गच्चीचं तुंबलेलं पन्हाळ. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात त्यामुळे आठवड्याचा नेम चुकवू नका.

प्रश्न : आमचे सर हात धुवायला सांगतात पण साबण ठेवला की दोन दिवसात गायब होतो. मग काय करायचं? — सातवीतली विद्यार्थिनी, मालवण तालुका

बाळ, प्रश्न छान विचारलास. वडी ठेवूच नका. दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपडे धुवायची पावडर घाला, हलवा, जुन्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा, झाकणाला बारीक भोक पाडा आणि बाटली नळाला सुतळीने बांधा. ती कोणी घरी नेत नाही आणि खर्चही फार कमी येतो. त्याने २० सेकंद, बोटांच्या मधे, नखांत, अंगठ्याला चोळून हात धुवायचे, संडासहून आल्यावर आणि जेवायच्या आधी. सॅनिटायझर असला तरी उलटी-जुलाबाच्या काही जंतूंवर तो नीट चालत नाही, साबणच लागतो. पुसायला शाळेचा एक टॉवेल सगळ्यांनी वापरू नका, आपापला रुमाल किंवा हात नुसते झटकून वाळवा.

पैसे कुठून असं सर विचारतील तर सांग, समग्र शिक्षामधून शाळेला जे संयुक्त अनुदान मिळतं त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. बाटल्या भरायची पाळी तुमच्या वर्गाने घ्या, सोमवारी भरायच्या आणि गुरुवारी परत बघायच्या. पहिलीतल्या पोरांचा हात नळापर्यंत पोचत नसेल तर खाली एक चिरा ठेवा.

पुढच्या अंकासाठी पत्रं महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पाठवा, नाव-गाव छापायचं नसेल तर तसं वर लिहा, कोणाचंही नाव बाहेर जाणार नाही.